पाचू नव्हे, मग काय?

गेल्या फाल्गुनातील गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती आणि आम्ही शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासण्यात गढून गेलो होतो. दाराशी सावली पडली म्हणून मान वर केली, तो सातवीतील एक विद्यार्थी उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून उभा! आत येण्याची परवानगी मागण्याचेही भान त्याला राहिले नव्हते. जवळ येऊन त्याने मूठ उघडली आणि हलक्या आवाजात विचारले, "गुरुजी, हा पाचू आहे ना?"

त्याच्या तळहातावर सुपारीएवढा, हिरवट, गुळगुळीत दगड होता. पैनगंगेचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत तो त्याला सापडला होता. आम्ही दगड खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. तो पाचू नाही हे ओळखण्यास रत्नपारख्याची आवश्यकता नव्हती. "पाचू नव्हे रे हा," असे म्हणून आम्ही तो परत केला आणि पुन्हा वहीत डोके घातले.

उत्तर खरे होते, त्यात शंका नाही. तथापि त्या मुलाचा चेहरा असा काही उतरला की, आमच्या हातातील तांबड्या शाईचे पेन जागच्या जागी थबकले. तसाच उतरलेला चेहरा आम्ही पूर्वी एकदा पाहिला होता. तो आमच्या आजीचा होता.

आमचे घराणे गोव्याकडचे, कोकणी बोलणारे. आजीचा धाकटा भाऊ आफ्रिकेत, केनियातील मोंबासा बंदरात कारकून होता. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणत असू. त्या काळी गोव्यातील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेचा किनारा गाठलेला असे. १९७६ साली मामाआजोबा रजेवर आले, ते बहिणीसाठी सोन्याची एक अंगठी घेऊन. अंगठीच्या मध्यभागी मसुराच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा असा हिरवागार खडा होता. चतुर्थीच्या दिवशी आजी ती अंगठी पेटीतून काढी आणि आरतीच्या वेळी निरांजनाच्या उजेडात त्या खड्यातून हिरव्या ठिणग्या उडत. घरात सगळे तिला 'पाचूची अंगठी' म्हणत. आम्हां भावंडांना तर पाचू म्हणजे आजीचे बोट, एवढेच ठाऊक होते.

२००४ साली वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी पैशांची निकड पडली. आजीने कोणी मागण्यापूर्वीच अंगठी काढून काकांच्या हाती ठेवली. काका, आजी आणि आम्ही असे तिघे शहरातील एका सराफाकडे गेलो. सराफाने डोळ्याला भिंग लावून खडा न्याहाळला, कसल्याशा उपकरणावर ठेवून पाहिला आणि शांतपणे सांगितले, "आजी, हा पाचू नव्हे. हा हिरवा गार्नेट आहे." मग त्याने सोन्याचे वजन केले, त्याचा भाव सांगितला आणि खड्याची म्हणून वर किरकोळ रक्कम धरली. गार्नेट म्हणजे काय, असे काकांनी विचारले नाही; आम्हीही विचारले नाही. सराफाने दोन वाक्ये उच्चारली होती. आमच्या कानी त्यांपैकी पहिलेच पोचले. आजीचा चेहरा उतरला तो त्या क्षणी.

अंगठी गेली, शस्त्रक्रिया झाली, वडील बरे झाले. त्याबद्दल देवाचे आभार. परंतु त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. 'मामा फसला' असे एक पक्ष म्हणे आणि 'मामाने फसवले' असे दुसरा. कुजबुज त्यांच्याही कानी गेली असावी. मामाआजोबा तोवर मोंबासाची नोकरी संपवून गावी परतले होते. पण त्यानंतर चतुर्थीला ते आमच्याकडे कधी आले नाहीत. आजी मात्र कोणी विषय काढला की एवढेच म्हणे, "पाचू न्हय जाल्यार न्हय. म्हज्या भावान हाडिल्लो तो." पाचू नसला तर नसो, माझ्या भावाने आणलेला होता तो. हे ती ठामपणे म्हणे. पण म्हणताना तिचा हात रिकाम्या बोटाकडे जाई.

मामाआजोबा २०११ साली वारले, आजी २०१३ साली. तिची पेटी आवरताना तळाशी, जुन्या रेशमी खणात गुंडाळलेले एक हवाई टपालाचे पत्र निघाले. मोंबासाहून १९७६ साली लिहिलेले. आमच्या घरी बोलणे कोकणीत, पण पत्रव्यवहार मराठीत, अशी जुनी रीत. त्याप्रमाणे ते मराठीत होते. रजेवर येताना आपण अंगठी आणीत आहोत, तिच्यातील हिरवा खडा इकडे त्सावोच्या रानात अलीकडेच सापडू लागला आहे, तो पाचू नव्हे, परंतु आपल्याला पाचूहून अधिक आवडला, असे मामाआजोबांनी आपल्या वळणदार अक्षरात स्वच्छ लिहिले होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. ते पत्र तिला कोणीतरी एकदा वाचून दाखवले असेल. पुढे वर्षे लोटली, आणि आमच्या घराला हिरवे रत्न म्हणून एकच नाव ठाऊक असल्यामुळे त्या खड्याचा पाचू झाला. नाव आम्हीच दिले. आणि खडा त्या नावाला जागला नाही म्हणून दोषही आम्हीच दिला!

आम्ही कला शाखेचे पदवीधर. दगडधोंड्यांच्या शास्त्राशी आमचा कधी संबंध आला नव्हता. परंतु त्या पत्राने आम्हांला ग्रंथालयाच्या त्या कोपऱ्यात नेऊन बसवले. तेथे जे कळले ते विद्यार्थिमित्रांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

गार्नेट हा एक दगड नाही. ते एक मोठे कुटुंब आहे. डाळिंबाच्या लॅटिन नावावरून त्याला हे नाव पडले, कारण जुन्या लोकांना परिचित असलेले गार्नेट डाळिंबाच्या दाण्यांसारखे तांबडे असत. वर्गातील बाकांची मांडणी ठरलेली असावी, पण त्यांवर बसणारी मुले निरनिराळी असावीत, तशी या कुटुंबाची रचना आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची चौकट कायम. तिच्यातील काही जागांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह किंवा मँगनीज बसते, तर काहींवर ॲल्युमिनियम, लोह किंवा क्रोमियम. जसे बसणारे बदलतात, तसा दगडाचा रंग आणि गुण बदलतो. लोह आणि ॲल्युमिनियम आले की तांबडा अल्मंडाइन होतो. असे तांबडे गार्नेट आपल्या तेलंगणातच, भद्राद्री कोत्तगुडेम जिल्ह्यातील गरीबपेट येथे सापडतात. प्राचीन काळी तेथील गार्नेट पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू या बंदरापर्यंत जाऊन त्यांचे मणी बनत असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे.

कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम आले की जो होतो त्याला ग्रॉस्युलर म्हणतात. हा शुद्ध असला तर रंगहीन असतो. त्यात लोहाचा वा मँगनीजचा अंश मिसळला की मधासारखा पिंगट रंग येतो, आणि तो तर आपल्या नवरत्नांतील गोमेद! त्याच ग्रॉस्युलरमध्ये व्हॅनेडियम किंवा क्रोमियम यांचा नुसता लेश उतरला की तो हिरवागार होतो. म्हणजे आजीच्या अंगठीतील खडा पाचूचा कोणी नव्हता, पण गोमेदाचा सख्खा भाऊ होता. आमच्या देवघरातील पोथीत नवरत्नांची नावे होती आणि त्यांत गोमेद होता. ओळख इतकी जवळ असून आम्ही ती विचारली नाही.

या हिरव्या भावाचा शोध अगदी अलीकडचा. कॅम्पबेल ब्रिजेस नावाच्या स्कॉटिश भूवैज्ञानिकाला तो १९६७ साली टांझानियात आढळला. पुढे काही वर्षांतच सरहद्दीपलीकडे केनियात, त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात, त्याला तो पुन्हा मिळाला. न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने १९७४ साली त्याला 'त्सावोराइट' असे नाव देऊन बाजारात आणले. मामाआजोबांचे पत्र त्यानंतर दोनच वर्षांनी लिहिलेले आहे! ब्रिजेसने सारे आयुष्य त्या खाणींत घालवले आणि २००९ साली, खाणीच्या हक्कावरून पेटलेल्या वादात, जमावाच्या हल्ल्यात तो मारला गेला. शोभेच्या वस्तूंमागेही माणसाचे कष्ट आणि रक्त असते, हे आपण विसरता कामा नये.

त्सावो हे नाव आपल्या लोकांना तसे परके नाही. मोंबासाहून आत जाणारा लोहमार्ग ब्रिटिशांनी १८९६ पासून बांधावयास घेतला, तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर तिकडे नेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे २,५०० तेथेच मरण पावले. १८९८ साली त्सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन नरभक्षक सिंहांनी कित्येक मजुरांचा बळी घेतला; ते दोन्ही सिंह पेंढा भरून आजही शिकागोच्या संग्रहालयात ठेवलेले आहेत. ज्या भूमीवरून ते मजूर रूळ टाकीत गेले, तिच्याच आसपासच्या खडकांत हे हिरवे खडे दडलेले होते. त्यांची कोणाला वार्ताही नव्हती.

आणि आता जी गोष्ट सांगावयाची ती वाचून आम्ही पुस्तक मिटून कितीतरी वेळ स्वस्थ बसलो. हा खडा तयार झाला सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी. त्या काळी आफ्रिका, मादागास्कर, हिंदुस्थान हे भूभाग एकमेकांवर येऊन आदळत होते आणि त्यांचा मिळून एक महाखंड घडत होता. त्या आदळण्याच्या दाबाने व उष्णतेने समुद्रतळाचा जुना गाळ भाजून, दबून निघाला आणि त्यातून हे स्फटिक जन्मले. त्या महाखंडाचे नाव काय? गोंडवन! एड्वर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५ साली हे नाव जगभर रूढ केले. आणि ते आले मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून, तेथील खडकांना भूवैज्ञानिकांनी आधीच दिलेल्या नावावरून. उटनूर, इंद्रवेल्ली आणि केस्लापूरची नागोबाची जत्रा ज्यांची, त्याच गोंड बांधवांच्या नावाने ती प्राचीन भूमी जगातील प्रत्येक भूगोलात ओळखली जाते. आमच्या आजीच्या बोटावरील खड्याचे जन्मगाव आफ्रिकेत असले, तरी त्याच्या जन्मभूमीचे नाव आदिलाबादच्या मुलांच्या ओळखीचे निघाले!

आता पाचूशी त्याची तुलना करू. पाचू हे बेरिल या निराळ्याच खनिजाचे रूप आहे. दोघांना हिरवा रंग देणारी द्रव्ये मात्र तीच, क्रोमियम आणि व्हॅनेडियम. पाचूचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.७, तर त्सावोराइटचे ३.६, म्हणून सारख्या आकाराचे दोन खडे घेतले तर त्सावोराइट वजनाला भारी भरतो. पाचूचा वक्रीभवनांक सुमारे १.५८, त्सावोराइटचा १.७४, म्हणजे आत शिरलेला प्रकाश तो अधिक वाकवतो आणि म्हणून अधिक तेजाने चमकतो. निरांजनाच्या उजेडात उडणाऱ्या त्या ठिणग्यांचे रहस्य हेच. पाचूमध्ये प्रकाशकिरण दुभंगतो. गार्नेटची स्फटिकरचना घनाकृती असल्याने त्यात तो एकसंध राहतो. सराफाचे ते उपकरण अशाच एखाद्या भेदावरून निर्णय देत असले पाहिजे. कठिनतेत पाचू किंचित सरस, साडेसात ते आठ. त्सावोराइट सात ते साडेसात. परंतु पाचूच्या पोटात बहुधा बारीक चिरा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून त्याला तेल पाजण्याची जुनी चाल आहे. त्सावोराइटला सहसा ना तेल लागते, ना भट्टीचा ताव. खाणीतून निघाला, पैलू पाडले, की झाले.

त्याचे वैगुण्य म्हणाल तर एकच: तो लहान असतो. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. दोन कॅरटच्या वरचा स्वच्छ त्सावोराइट दुर्मीळ आणि पाचांच्या वरचा तर फारच दुर्मीळ. म्हणूनच टांझानियातील मेरेलानी येथे निघालेल्या एका मोठ्या स्फटिकातून घडवलेला ११६.७६ कॅरटचा खडा २०२३ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात दाखल झाला, तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले.

हिरव्या गार्नेटांत आणखी एक नामांकित भाऊ आहे, डिमँटॉइड. रशियातील उरल पर्वतात तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सापडला. हा मऊ, म्हणून जपून वापरावा लागतो. पण प्रकाशाचे सप्तरंग पसरवण्यात हिऱ्यालाही मागे टाकतो. याच्या पोटात कधीकधी घोड्याच्या शेपटासारखा सोनेरी तंतूंचा झुबका दिसतो. एरवी रत्नाच्या पोटातील कोणतीही वस्तू दोष समजली जाते आणि त्याची किंमत उतरते; डिमँटॉइडमध्ये मात्र सुरेख झुबका असला तर किंमत चढते! तिसरा भाऊ उव्हॅरोव्हाइट. क्रोमियमने गच्च भरलेला, रंगाने सर्वांत गडद, पण कण इतके बारीक की त्यांना पैलू पाडणे क्वचितच साधते. तो खडकावरील हिरव्या साखरेसारखा पसरलेला पाहावा आणि तसाच राहू द्यावा.

हल्ली या हिरव्या गार्नेटांची आवड वाढत चालली आहे. जयपूरच्या कारागिरांच्या सहाणेवर आफ्रिकेतील त्सावोराइटला पैलू पडतात आणि तेथून ते देशोदेशी जातात. ज्यांना तेल न पाजलेले, न तापवलेले, निसर्गाने दिले तसे रत्न हवे आहे, ते आता त्याला नावाने मागतात. एके काळी 'पाचूसारखा दिसतो' एवढीच ज्याची योग्यता मानली जाई, तो स्वतःच्या नावावर उभा राहिला.

हे सर्व वाचून झाल्यावर आम्हांला हळहळ वाटली, ती पैशांची नव्हती असे म्हटले तर ते पूर्णतः खरे होणार नाही. परंतु अधिक हळहळ वाटली ती दोन वृद्ध माणसांची. भाऊ लबाड ठरला नव्हता, अजाणही ठरला नव्हता; त्याने जे आणले ते नेमके काय आहे हे त्याने लिहूनही कळवले होते. बहीण मात्र नऊ वर्षे रिकाम्या बोटाकडे पाहत राहिली. सराफ खोटे बोलला नाही. 'हिरवा गार्नेट आहे' हे त्याने सांगितले होते. आमच्यापैकी एकाने जरी विचारले असते, "म्हणजे काय हो?", तर कदाचित ती अंगठी तरीही विकावी लागली असती, पण चतुर्थीच्या पानावर मामाआजोबांचा पाट रिकामा राहिला नसता.

विद्यार्थ्याकडे परत येऊ. तो दारापर्यंत पोचला होता. आम्ही त्याला हाक मारली आणि जवळ बसवून सांगितले की, हा पाचू नव्हे. ही गारगोटीच्या जातीची हिरवट कॅल्सेडनी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले. त्या पोकळ्यांत पुढे पाणी झिरपत राहिले, त्यातील सिलिका कणाकणाने साठली, हिरव्या मातीसारखे एक खनिज तिच्यात मिसळले आणि हा दगड तयार झाला. मग केव्हातरी खडक झिजला, पैनगंगेने त्याला वाटेत घोळून घोळून गुळगुळीत केले आणि आपल्या वाळूत आणून ठेवले. मुलाने डोळे मोठे करून विचारले, "साडेसहा कोटी?" मग त्याने दगड पुन्हा मुठीत धरला, पण या वेळी त्याची मूठ पूर्वीपेक्षा अधिक घट्ट होती.

आज तो दगड आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात आहे. त्याखालची चिठ्ठी त्या मुलाने स्वतः लिहिली आहे: दगडाचे नाव, सापडल्याचे ठिकाण, अंदाजे वय. 'पाचू नव्हे' हे शब्द चिठ्ठीवर कोठेही नाहीत; त्यांची गरजच उरली नाही.

शिक्षकाच्या हातातील तांबडे पेन दिवसभर 'नाही' म्हणत असते. हे उत्तर बरोबर नाही, हा मुलगा गणितात हुशार नाही, या मुलीचा आवाज गाण्याचा नाही. आम्ही स्वतः या जिल्ह्यात आलो तेव्हा शेजाऱ्यांनी प्रथम विचारले, "तुम्ही तेलुगू नव्हे ना?" नव्हे म्हटले. "मग मराठी?" तर तेही घरचे नव्हे! बिचारे गोंधळले; पण तेथे न थांबता त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, "मग घरी बोलता तरी काय?" त्या तिसऱ्या प्रश्नामुळे आमचा त्या घराशी जो स्नेह जुळला तो आजतागायत टिकून आहे.

'नाही' म्हणणे कित्येकदा खरे असते आणि आवश्यकही असते. परंतु ते अर्धे उत्तर आहे. त्या दिवसापासून वहीत चुकीची खूण केल्यावर आम्ही पेन लगेच उचलत नाही. खाली आणखी एक ओळ लिहितो.